डिकीवरचा आकडा खरं किती सांगतो? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आलिशान गाड्यांच्या डिकीवरची अक्षरं आणि आकडे या विषयावर या महिन्यात ढीगभर पत्रं आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं वगळून फक्त गावं छापली आहेत.

प्रश्न (पुणे) : दोन महिन्यांपूर्वी नवी मर्सिडीज सी २०० घेतली. २०० म्हणजे दोन लिटरचं इंजिन, असं आम्ही धरून चाललो होतो. आरसी हातात आली तर इंजिन १४९६ सीसी! नोंद चुकली की आमची फसवणूक झाली?

दोन्ही नाही. नोंद बरोबर आहे आणि गाडीही बरोबर आहे. सध्याच्या पिढीच्या सी २०० मध्ये दीड लिटरचंच टर्बो (म्हणजे जास्त हवा कोंबून शक्ती वाढवलेलं) इंजिन असतं, ते २०४ अश्वशक्ती देतं. फसवलं असेल तर जुन्या हिशेबाने.

तो जुना हिशेब असा होता : इंजिनाची क्षमता लिटरमध्ये घ्यायची आणि तिला शंभराने गुणायचं. २.२ लिटर असेल तर २२०, ३ लिटर असेल तर ३००. पुढे अक्षरं लागत. डी म्हणजे डिझेल. ई म्हणजे आइनश्प्रित्सुंग, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन. एल म्हणजे लांब. १९९३ मध्ये कंपनीने क्रम फिरवला. आधी गाडीच्या वर्गाचं अक्षर, मग आकडा. कालची ३०० ई ही अशा प्रकारे ई-क्लास झाली आणि ‘ई’चा इंजेक्शनशी संबंध तुटला. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडणी सुरू झालेली पहिली भारतीय मर्सिडीज या नव्या क्रमाची होती : ई २२०, इंजिन खरोखर २.२ लिटरचं. त्या काळात ज्यांनी गाड्या पाहिल्या त्यांच्या डोक्यात हे समीकरण पक्कं बसलं, ते यामुळेच.

पण अपवाद तेव्हाही होते. १९८२ ची १९० ई दोन लिटरचीच होती. मोठ्या गाडीवर २०० हे नाव आधीच चालू होतं म्हणून धाकटीला १९० म्हटलं. हाच धागा पुढे वाढत गेला. आकडा इंजिन मोजायचा सोडून गाडीची श्रेणी सांगू लागला : कोणती गाडी वरची, कोणती खालची, कोणती महाग.

सगळ्यात बोलका पुरावा डिझेलचा आहे. २००८ नंतरच्या सी-क्लासमध्ये सी २०० सीडीआय, सी २२० सीडीआय आणि सी २५० सीडीआय अशा तीन गाड्या होत्या (सीडीआय म्हणजे मर्सिडीजचं डिझेल). तिन्हींत इंजिन एकच, २१४३ सीसीचं. शक्ती मात्र अनुक्रमे १३६, १७० आणि २०४ अश्वशक्ती. टर्बो, इंजेक्शन आणि कंट्रोल युनिटची मांडणी बदलून हे फरक साधले जात. त्यातला फक्त २२० हा आकडा क्षमतेच्या जवळ जात होता, तोही योगायोगाने. पुढे इंजिन बदललं, १९५० सीसीचं आलं, मग १९९३ सीसीचं. डिकीवर २२० डी तसंच राहिलं.

टोकाचं उदाहरण ६३ चं. १९६८ मध्ये आलेल्या ३०० एसईएल ६.३ मध्ये ६३३२ सीसीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं, तिथून हा आकडा मानाचा झाला. मर्सिडीजच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या एएमजी शाखेने तो परत आणला तेव्हा इंजिन ६२०८ सीसीचं, म्हणजे ६.२ लिटर. सी ६३ च्या पुढच्या पिढीत ते ३९८२ सीसी झालं. त्याच्या पुढच्या पिढीत चार सिलिंडरचं १९९१ सीसी, जोडीला इलेक्ट्रिक मोटर, एकूण ६८० अश्वशक्ती. पाटी ६३ चीच. आमचं स्पष्ट मत असं की इथे कंपनीने ताणलं आहे. व्ही-८ चा आवाज आणि स्वभाव ज्या आकड्याशी जोडला गेला, तो चार सिलिंडरवर लावला की घेणाऱ्याला समजावून सांगावं लागतं, आणि पाटी समजावून सांगावी लागू नये हाच तिचा उपयोग असतो.

तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट एवढीच : विमा, पीयूसी, सुटे भाग, फेरविक्री या सगळ्यांत १४९६ हाच आकडा धरा. फॉर्म भरताना ‘२०००’ लिहू नका.

प्रश्न (अहिल्यानगर) : आमची जुनी एमएल २५० सीडीआय आहे. मेकॅनिक म्हणतो, जीएलई २५० डी चे भाग चालतील. नाव वेगळं, मग भाग कसे चालतील?

पुष्कळसे चालतात. २०१५ मध्ये मर्सिडीजने एसयूव्हींची नावं एका सूत्रात बसवली. आधी ‘जीएल’, मग ज्या सेडानच्या तोलाची गाडी आहे तिचं अक्षर. जीएलसी म्हणजे सी-क्लासच्या तोलाची, जीएलई म्हणजे ई-क्लासच्या, जीएलएस म्हणजे एस-क्लासच्या. जीएलकेची जागा जीएलसीने घेतली, एम-क्लासची जीएलई झाली. त्याच वेळी सीडीआय आणि ब्लूटेक हे डिझेलचे शब्द जाऊन नुसता ‘डी’ आला. तुमची एमएल आणि पहिली जीएलई या एकाच १६६ मालिकेच्या गाड्या. जीएलई म्हणजे तिचीच नवा चेहरा दिलेली आवृत्ती.

म्हणून सस्पेन्शन, ब्रेक, दारांची यंत्रणा यांत बरंच जुळतं. पुढचे दिवे, बंपर, ग्रिल, डॅशबोर्डचा पडदा आणि त्याला जोडलेली इलेक्ट्रॉनिक्स जुळेलच असं नाही. चासी नंबरातला चौथा, पाचवा आणि सहावा आकडा पाहा. तिथे १६६ असेल तर बोलणं सुरू करा. २०१९ पासूनची जीएलई १६७ मालिकेची आहे, तिचा भाग घेऊ नका.

प्रश्न (नाशिक) : एक जुनी बीएमडब्ल्यू ३ सिरीज बघितली. मागे ‘एम३’ लिहिलंय, बाजूला ‘एम’चं चिन्ह आहे, चार सायलेन्सर दिसतात. किंमत मात्र फारच कमी सांगतात. खरी एम३ ओळखायची कशी?

किंमत कमी आहे, हीच पहिली खूण समजा. बीएमडब्ल्यूवर ‘एम’ तीन वेगवेगळ्या अर्थांनी येतो आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

सगळ्यात खालची पायरी एम स्पोर्ट. हे सजावटीचं पॅकेज आहे : बंपर, स्टिअरिंग, चाकं, काही गाड्यांत थोडं कडक सस्पेन्शन. इंजिन साध्या गाडीचंच. यात पुढच्या चाकावरच्या पत्र्याला छोटं ‘एम’ लागतं, मागे ३२०डी किंवा ३३०आय असंच लिहिलेलं असतं.

मधली पायरी म्हणजे ‘एम’ आणि त्यापुढे तीन आकडे, उदाहरणार्थ एम३४०आय. इंजिन सहा सिलिंडरचं, गाडी खरोखर वेगवान, पण ती ३ सिरीजच्या सांगाड्यावरच आहे. चेन्नईत जोडणी होते ती हीच.

वरची पायरी एम३. ‘एम’ आणि एकच आकडा. इंजिन, ॲक्सल, ब्रेक, रुंद केलेले पत्रे, सगळं वेगळं.

आता तपासणी. पाटीकडे बघूच नका. आधी आरसीवरचा क्युबिक कपॅसिटीचा आकडा वाचा आणि एमपरिवहन ॲपवर तो पडताळा. सध्याच्या पिढीत ३२०डी १९९५ सीसी, पेट्रोलची ३३०आय १९९८ सीसी, एम३४०आय २९९८ सीसी आणि एम३ २९९३ सीसी. शेवटच्या दोघींत फक्त पाच सीसीचा फरक आहे, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. चासी नंबराची पहिली तीन अक्षरं पाहा. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाच्या गाड्यांना ‘डब्ल्यूबीएस’ असतं. ‘डब्ल्यूबीए’ असेल आणि मागे एम३ लिहिलं असेल, तर ती पाटी बाजारातून आणून चिकटवली आहे.

नंतर गाडीखाली वाका. चार नळ्या दिसतात त्या खरंच मफलरपर्यंत जातात का, की बंपरच्या मागे नुसत्या टोप्या बसवल्या आहेत? टॉर्च मारून आत बघितलं की लगेच कळतं : खऱ्या नळीत काजळी असते, टोपीच्या मागे प्लास्टिकची भिंत किंवा मोकळी जागा असते. मागच्या दाराजवळ उभं राहून चाकावरच्या पत्र्याचा फुगवटा पाहा. एम३ चा पत्रा पुढे-मागे स्पष्ट बाहेर येतो, तो बंपर बदलून आणता येत नाही. ब्रेकच्या कॅलिपरवर रंग दिला असेल तर नखाने हलकं खरवडा. नुसता रंग फासलेला साधा कॅलिपर आणि अनेक पिस्टनचा मोठा कॅलिपर यांचा आकारच वेगळा असतो.

एवढं करूनही शंका राहिली तर चासी नंबराचे शेवटचे सात आकडे-अक्षरं घेऊन अधिकृत सर्व्हिस केंद्रात जा. कारखान्यातून गाडी कशी बाहेर पडली, कोणते पर्याय बसवले होते, याची यादी त्यावरून निघते. विकणारा चासी नंबर द्यायला का-कू करत असेल तर व्यवहार सोडा.

मर्सिडीजमध्ये हाच गोंधळ ‘एएमजी लाइन’चा आणि ऑडीत ‘एस लाइन’चा. ‘लाइन’ हा शब्द आला की पोशाख समजावा. व्ही-८ च्या एएमजी ६३ वर आणि चार सिलिंडरच्या ४५ वर इंजिनाच्या झाकणावर ते बांधणाऱ्या कारागिराच्या सहीची पट्टी असते. तीही सुटी विकत मिळते, म्हणून पट्टीच्या आधी आरसी.

प्रश्न (डोंबिवली) : नव्या एक्स३ वर ‘२०’ लिहिलंय, ‘२०आय’ नाही. शोरूममध्ये ‘आय’ काढून टाकला म्हणाले. म्हणजे काही कमी केलं का?

काही कमी केलेलं नाही. ‘आय’ हा इंजेक्शनचा होता. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ज्या गाडीला इंजेक्शन होतं ती चढी समजली जाई, म्हणून ते अक्षर मिरवलं जाई. आज प्रत्येक पेट्रोल गाडीत इंजेक्शन आहे. शिवाय आय४, आय५, आय७ या इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर ‘आय’ मागे आणि ‘आय’ पुढे अशी गल्लत होऊ लागली. २०२४ मध्ये नवी १ सिरीज आणि नवी एक्स३ आली तेव्हापासून पेट्रोलच्या नावातून ‘आय’ गेला आणि तो इलेक्ट्रिकसाठी राखला. डिझेलचा ‘डी’ राहिला. प्लग-इन हायब्रिडचा (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेल्या गाडीचा) ‘ई’ राहिला.

आकड्यांबद्दल सांगायचं तर १९७२ च्या ५२० मध्ये पहिला ५ म्हणजे सिरीज आणि २० म्हणजे दोन लिटर, असं सरळ होतं. पण १९८० च्या सुमारास आलेल्या ७४५आय मध्ये इंजिन होतं ३.२ लिटरचं. टर्बोमुळे मिळणारी शक्ती धरून ३.२ ला १.४ ने गुणलं, उत्तर साधारण ४.५ आलं, म्हणून ४५. टर्बो इंजिनाला ‘तेवढ्या ताकदीचं’ म्हणून मोठा आकडा द्यायची पद्धत आज सर्वत्र दिसते, तिचं हे फार लवकरचं आणि प्रामाणिक गणित होतं. गुणक निदान सांगता येत होता. आजची ३३०आय दोन लिटरची आहे, तिला असा ठरलेला गुणक नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमच्या शेंद्र्यात ऑडीची जोडणी होते, म्हणून उत्सुकता. ४० टीएफएसआय, ४५ टीएफएसआय हे आकडे कशाचे? आणि ए४ ची ए५ का झाली?

टीएफएसआय म्हणजे टर्बो असलेलं, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारं इंजिन. टीडीआय म्हणजे टर्बो डिझेल. त्याआधीचा आकडा शक्तीचा पट्टा सांगतो, तोही किलोवॉटमध्ये. २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलेले पट्टे असे : ३० म्हणजे ८१ ते ९६ किलोवॉट, ३५ म्हणजे ११० ते १२०, ४० म्हणजे १२५ ते १५०, ४५ म्हणजे १६९ ते १८५, ५० म्हणजे २१० ते २३०, ५५ म्हणजे २४५ ते २७५, ६० म्हणजे ३२० ते ३३८ आणि ७० म्हणजे ४०० च्या वर. किलोवॉटला १.३६ ने गुणलं की आपल्या ओळखीची अश्वशक्ती मिळते. १५० किलोवॉट म्हणजे २०४ अश्वशक्ती, ए४ ४० टीएफएसआय याच पट्ट्यातली.

हेतू समजण्यासारखा होता. पेट्रोल, डिझेल आणि इलेक्ट्रिक यांना एकाच मापाने मोजायचं तर लिटर कामाचे नाहीत, शक्ती कामाची. पण ३५ चा ११० किलोवॉटशी कोणताही दृश्य संबंध नाही, तक्ता पाठ असल्याशिवाय आकडा वाचता येत नाही. आणि पट्टेही सैल झाले : पुढे ४५ टीएफएसआय २६५ अश्वशक्तीची, म्हणजे १९५ किलोवॉटची झाली, पाटी बदलली नाही. जुनी गाडी घेताना आणखी एक काळजी घ्या. २०१७ च्या आधी आपल्याकडे विकल्या गेलेल्या ए३, ए४, ए६ वरही ‘३५ टीडीआय’ असं लिहिलेलं आढळतं. त्यांना हा तक्ता लागू नाही. त्या वेळची १७७ अश्वशक्तीची ए४ ३५ टीडीआय या तक्त्यात ४० मध्ये गेली असती.

आता ए४ आणि ए५. इलेक्ट्रिक गाड्यांना सम आकडे आणि इंजिनाच्या गाड्यांना विषम आकडे द्यायचे असं ठरलं होतं. त्यानुसार २०२४ मध्ये ए४ ची वारस ए५ म्हणून आली. इंजिनवाली ए६ ही ए७ होणार होती. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला : आकडा पुन्हा आकार सांगेल, इंधन नाही. म्हणून नवी इंजिनवाली ए६ ही ए६ म्हणूनच आली. ए५ मात्र ए५ च राहिली. पुढे कधी ‘ए४ कुठे गेली’ असं कोणी विचारलं तर उत्तर हे. हा फिरवलेला निर्णय आम्हाला योग्य वाटतो. घेणारा आधी गाडी किती मोठी ते विचारतो, आणि ते १९९४ च्या पहिल्या ए८ पासून त्या एका आकड्यात नीट कळत होतं.

प्रश्न (सांगली) : लेक्सस ईएस ३००एच मध्ये तीन लिटर इंजिन आहे का?

नाही, २४८७ सीसीचं चार सिलिंडरचं आहे. ‘एच’ म्हणजे हायब्रिड. इंजिन आणि मोटर मिळून साधारण तीन लिटरच्या गाडीसारखी चालते, असं सुचवायचं आहे. १९८९ ची पहिली एलएस ४०० खरोखर चार लिटरची होती. २००७ ची एलएस ६००एच पाच लिटरची आणि एलएस ५०० साडेतीन लिटर टर्बोची.

प्रश्न (सोलापूर) : रेंज रोव्हरवरचे पी ४००, डी ३०० कसे वाचायचे? आणि डिफेंडर ११० मधला ११० कशाचा?

इथे सगळ्यात सरळ पद्धत आहे, आणि आम्हाला हीच सगळ्यात आवडते. पी म्हणजे पेट्रोल, डी म्हणजे डिझेल, पुढचा आकडा म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. पी ४०० म्हणजे ४०० अश्वशक्तीची पेट्रोल. शेवटी ‘ई’ असेल तर प्लग-इन हायब्रिड.

११० हा इंचांचा. १९८३ च्या लँड रोव्हर ११० मध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११० इंच होतं. नंतरच्या ९० मध्ये ते जवळजवळ ९३ इंच. नव्या डिफेंडरमध्ये हे फक्त नाव उरलं आहे : आजच्या ११० चं अंतर ३०२२ मिलिमीटर, म्हणजे ११९ इंच, आणि ९० चं २५८७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १०२ इंच. १३० चं अंतर ११० एवढंच आहे, मागचा भाग तेवढा लांबवला आहे. गॅरेजची मापं काढताना नावावर जाऊ नका.

प्रश्न (पणजी) : पोर्शे टायकान पूर्ण इलेक्ट्रिक. तिच्यावर ‘टर्बो’ कसं?

टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्त हवा कोंबतो. टायकानमध्ये धूर नाही, तर टर्बो असणारच नाही. १९७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ टर्बो दाखवली गेली, तेव्हापासून पोर्शेत हा शब्द मालिकेतल्या वरच्या गाडीचा झाला. २०१५ च्या शेवटी ९११ कॅरेराच्या इंजिनांनाही टर्बो बसले, पण त्यांच्यावर ‘टर्बो’ लिहिलं गेलं नाही. म्हणजे टर्बो असलेल्या गाडीवर शब्द नाही. आणि २०१९ मध्ये आलेल्या टायकान टर्बोवर शब्द आहे पण टर्बो नाही. २०२३ पासून टर्बो नावाच्या गाड्यांना चिन्हावर खास करड्या-सोनेरी छटेचा धातू देतात, म्हणजे हा दर्जाच आहे हे कंपनीने उघड मान्य केलं. दोन टायकानमध्ये निवड करताना टर्बो, टर्बो एस हे शब्द बाजूला ठेवून किलोवॉट, बॅटरीची क्षमता आणि ब्रेकचा प्रकार यांचे आकडे मागा.

प्रश्न (नागपूर) : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. नुसत्या आकड्यावर किंवा अक्षरावर एखाद्या कंपनीचा हक्क असू शकतो का?

गाड्यांच्या नावांत असे झगडे झाले आहेत आणि त्यांनी नावं बदलली आहेत. पोर्शेने १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नवी गाडी मांडली ती ९०१ नावाने. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक प्युजो अनेक दशकं वापरत होती आणि फ्रान्समध्ये त्यांवर तिचा हक्क होता. तिने हरकत घेतली. पोर्शेने शून्याच्या जागी एक घातला आणि गाडी ९११ झाली. तोवर ८२ गाड्या ९०१ म्हणून तयार झाल्या होत्या.

दुसरं उदाहरण व्होल्वोचं. १९९५ मध्ये धाकट्या सेडानला एस४ आणि तिच्या इस्टेट (मागे छत लांबवून सामानाची जागा वाढवलेल्या) रूपाला एफ४ म्हणायचं ठरलं होतं. ऑडीची एस४ आधीपासून होती. व्होल्वोने शून्य जोडून एस४० आणि व्ही४० केलं. पुढच्या एस६०, एस८०, एक्ससी९० या सगळ्या नावांतलं शून्य असं आलं.

प्रश्न (ठाणे) : काळ्या सेडानच्या मागची सगळी अक्षरं काढून डिकी साफ ठेवायची आहे. घरी करता येईल का? काय बिघडू शकतं?

करता येईल, घाई केली नाही तर. नवी गाडी घ्यायची असेल तर आधी हे विचारा : कारखान्यातूनच अक्षरं न लावता गाडी मिळू शकते. बीएमडब्ल्यूत त्याचा पर्याय क्रमांक ३२० आहे, मर्सिडीजमध्ये २६०.

घरी करताना आधी ठरवा काय काढायचं. आकडे आणि अक्षरं दोन्हीकडून चिकटणाऱ्या फोमच्या टेपवर बसवलेली असतात, ती निघतात. कंपनीचं गोल चिन्ह किंवा तारा मात्र पुष्कळदा पत्र्यातल्या भोकांत खिळ्यांनी बसवलेला असतो. तो काढला की भोकं उघडी पडतात, पावसाचं पाणी डिकीत उतरतं आणि कड गंजते. काही गाड्यांत तर ते चिन्ह म्हणजेच डिकी उघडायची मूठ असते, जशी बीएमडब्ल्यूच्या १ सिरीजच्या एका पिढीत. चिन्हाला हात लावू नका, फक्त अक्षरं काढा.

डिकी शाम्पूने धुऊन कोरडी करा, गाडी सावलीत लावा. धुळीचा कण राहिला तर तोच पुढे पॉलिशवर रेघा ओढतो. परत लावायची शक्यता असेल तर अक्षरांच्या खालच्या आणि डाव्या कडेला मास्किंग टेपची सरळ रेघ मारून फोटो काढून ठेवा. मग केस वाळवायचं ड्रायर दहा-पंधरा सेंटिमीटरवरून एकेका अक्षरावर मिनिट-दीड मिनिट फिरवत धरा. पत्रा तळहाताला सोसेल एवढाच गरम हवा. हीट गन वापरू नका, तिने प्लास्टिकच्या डिकीचा रंग फुगतो.

टेप मऊ झाली की मासेमारीची तंगूस, साधारण अर्ध्या मिलिमीटरची, दोन्ही हातांत धरून अक्षराच्या मागून करवतीसारखी पुढेमागे ओढा. तंगूस पत्र्याला समांतर ठेवा. ती तिरकी झाली तर रंगात चर पडते. दाभण, स्क्रू ड्रायव्हर, ब्लेड यांपैकी काहीही नको. अक्षर निघालं की पत्र्यावर फोमचा थर उरतो. तो पुन्हा कोमट करून अंगठ्याने घोळवत गोळा करा, अर्ध्याहून जास्त असाच निघतो. उरलेल्या डिंकावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा डांबर काढायचं द्रव्य मऊ मायक्रोफायबरवर घेऊन मिनिटभर ठेवा आणि पुसा. थिनर टाळा. डिकी कधी बाहेर रंगवून घेतलेली असेल तर थिनर त्या रंगाला लगेच मऊ करतो.

आता खरी अडचण. काळ्या गाडीवर काही वर्षांनी अक्षरांखालचा रंग ताजा आणि भोवतालचा उन्हाने विटलेला असतो, म्हणून पाटी काढूनही ‘३२०’ दिसत राहतं. बारीक कटचं पॉलिश हाताने किंवा मशीनने दोन-तीन फेऱ्यांत मारलं की पुष्कळदा जातं, पण फक्त अक्षरांची जागा घासू नका. सगळी आडवी पट्टी एकसारखी घ्या, नाहीतर तिथेच चकचकीत चौकोन उमटतो. कारखान्याच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतात आणि वरचा पारदर्शक थर त्यातला एक भाग. कागद मारून घासायच्या भानगडीत पडू नका. दहा वर्षांच्या गाडीवर छाया पूर्ण जाईलच असं धरू नका.

अक्षरं परत लावायची तर ०.८ ते १.१ मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिक फोम टेप घ्या, साधी पांढरी फोम टेप नको, ती पहिल्याच पावसाळ्यात सुटते. जागा निम्मं पाणी-निम्मं अल्कोहोल अशा मिश्रणाने पुसा, अक्षर लावून पंधरा सेकंद जोर देऊन दाबा. हवा २१ ते ३८ अंशांत हवी. टेपची पकड वीस मिनिटांत निम्मी, दिवसभरात नव्वद टक्के आणि पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. पहिला दिवस गाडी धुऊ नका, तीन दिवस प्रेशर पंप लावू नका.

प्रश्न (कल्याण) : मर्सिडीजच्या ग्रिलमधला तारा बदलून दिव्याचा तारा बसवून घेतला. तेव्हापासून पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं क्रूझ कंट्रोल बंद. बसवणारा म्हणतो, संबंध नाही.

संबंध आहे. या सोयीच्या बऱ्याच मर्सिडीजमध्ये रडार ताऱ्याच्या मागेच असतो. म्हणून त्या गाड्यांचा तारा सपाट, काचेसारखा गुळगुळीत असतो. त्याचं प्लास्टिक आणि त्यावरचा चमकदार मुलामा रडारच्या लहरी आरपार जाव्यात असाच बनवलेला असतो. उठावाचा क्रोमचा तारा किंवा आत दिवे-वायरी असलेला तारा त्या लहरी अडवतो, आणि गाडी सुरक्षिततेसाठी ती सोय बंद करते. आपोआप लागणारा ब्रेकही याच रडारवर अवलंबून असू शकतो, म्हणून हे लांबणीवर टाकू नका. मूळ भाग क्रमांकाचा तारा परत बसवा. बसवताना रडारचा ब्रॅकेट हलला असेल तर नुसता तारा बदलून भागत नाही, सेन्सरची दिशा यंत्रावर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ग्रिल किंवा पुढचा बंपर बाहेर दुरुस्त झाला असेल तेव्हाही हेच तपासायला सांगा.

प्रश्न (कोल्हापूर) : फेरारी २९६ आणि लॅम्बोर्गिनी एलपी ७००-४ यांतले आकडे?

२९६ मधले पहिले दोन आकडे २.९ लिटरचे, नेमकं इंजिन २९९२ सीसी, आणि ६ सिलिंडरचा. ४५८ म्हणजे ४.५ लिटर, आठ सिलिंडर. पण ४८८ ला ही चावी लागत नाही. तिथे ४८८ म्हणजे एका सिलिंडरची क्षमता, आणि आठाने गुणलं की ३९०० सीसीच्या आसपास येतं. जुन्या २५० जीटीओ मध्येही असंच, २५० गुणिले १२ म्हणजे तीन लिटर. ८१२ मध्ये ८ म्हणजे ८०० अश्वशक्ती आणि १२ सिलिंडर. एलपी म्हणजे इंजिन मागे, लांबीच्या दिशेने बसवलेलं, ७०० अश्वशक्ती आणि ४ चाकांना ताकद.